विंटेज गिटार घेताय? आधी माझं काय झालं ते वाचा

जुनी गिब्सन जे-४५, म्हणजे गिब्सन कंपनीची अकूस्टिक गिटार, घ्यायची हे माझ्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. मॉडेल १९४२ पासूनचं, पण मला साठच्या दशकातली सनबर्स्टच (मध्ये फिकट, कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाची) हवी होती, तो कोरडा घुमणारा आवाज एकदा कानात बसला की दुसरं काही नको वाटतं. अशी एक विक्रीला दिसली. वर्ष १९६४, रिपेअर केलेली, थोडी मॉडिफाय केलेली, म्हणून किंमत जरा कमी, असं त्या माणसाने सांगितलं.

आणि त्याने सगळं स्वतःहून सांगितलं हो! टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, एक क्रॅक होता तो आतून क्लीट (लाकडाचा छोटा तुकडा) लावून बंद केलाय, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) बदललेत, पिकअपच्या जॅकसाठी, म्हणजे ॲम्पची वायर लावायला, मागे भोक पाडलंय, मूळचा ॲडजस्टेबल ब्रिज (टॉपवरचा, तारा अडकवायचा तुकडा) काढून साधा रोजवुडचा ब्रिज आणि हाडाचं सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) बसवलंय. क्रॅकचे तर चार चार फोटो पाठवले. मला वाटलं एवढं खरं बोलणारा माणूस आणखी काय लपवणार, आणि मी पुढचं काही विचारलंच नाही. इथेच फसले मी.

गिटार आली तेव्हा वाजवायला छान होती, ॲक्शन, म्हणजे तारांची नेकपासूनची (गिटारच्या दांड्यापासूनची) उंची, खाली, बोटांना काही त्रास नाही. आवाज मात्र दबलेला. मी म्हटलं नवीन तारा टाकू, मग म्हटलं बरीच वर्षं पडून असेल, वाजवत राहिलं की खुलेल, असं स्वतःची समजूत काढण्यात दोन महिने गेले. मग रोज ट्यूनिंग उतरायला लागलं आणि एक दिवस नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे लॅकरवर केसासारखी बारीक रेघ दिसली.

गिटार रिपेअर करणाऱ्या एका जाणकारांकडे नेली. त्यांनी आधी तारा बघितल्याच नाहीत, खोली अंधारी केली आणि हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या वरच्या टोकाच्या) मागे यूव्ही टॉर्च धरला. जुनं नायट्रो लॅकर (जुन्या गिटारवरचं पॉलिश) त्या उजेडात फिकट हिरवट-पिवळं चमकतं. नेकवर तसं चमकत होतं, आणि नटच्या मागे एकदम सरळ रेषेत सगळं काळं. म्हणजे हेडस्टॉक कधीतरी पूर्ण तुटलेला, चिकटवलेला, आणि वरून गडद स्प्रे मारून ते झाकलेलं. गिब्सनचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकच्या आतल्या सळईच्या, स्क्रूवाल्या नटसाठी नेमकं तिथलंच लाकूड कोरलेलं असतं, त्यामुळे पडली की तिथेच तुटते. नीट जोडलेला हेडस्टॉक वर्षानुवर्षं टिकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण हा भलत्याच ग्लूने जोडलेला आणि तारांच्या साधारण ७० किलोच्या ताणाखाली हळूहळू उघडत होता.

मग त्यांनी फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सरळपट्टी ठेवली. पट्टीचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेवर यायला पाहिजे, इथेही आलं, मी सुटकेचा श्वास सोडला, तर त्यांनी ब्रिजची उंची मोजून दाखवली, जेमतेम ५ मिमी. असायला पाहिजे ८-९ च्या आसपास. नेकचा अँगल गेलेला, खरं तर नेक रिसेट करायला हवं होतं, म्हणजे नेक काढून कोन बदलून परत बसवायची, ते वेळखाऊ आणि महागडं काम. त्याऐवजी ब्रिजच पातळ करून ॲक्शन खाली आणलेली. तारा टॉपच्या इतक्या जवळ आल्या की टॉपला हलवायला जोरच उरला नाही, आवाज दबलेला होता तो त्यामुळे. आणि याला तो माणूस अपग्रेड म्हणत होता.

वर्षसुद्धा खोटं निघालं. नटची (तारांच्या पट्टीची) रुंदी मोजली तर ४० मिमीच्या आत, आणि गिब्सनने नट अरुंद केला तो १९६५ च्या सुमारास, त्याआधी ४३ च्या जवळ असायचा. सिरियल नंबरवर विसंबू नका, साठच्या दशकात तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी परत वापरले गेलेत.

त्याला फोन केला. "अहो विंटेज आहे, एवढं चालायचंच, आणि मी तुम्हाला रिपेअर केलेली आहे हे सांगितलं होतं ना" एवढं बोलून ठेवला, नंतर उचललाच नाही. त्याचं म्हणणं शब्दशः खरंच आहे, रिपेअर केलेली असं सांगितलं होतंच की. हेडस्टॉकचं मात्र नाही सांगितलं. त्यामुळे तुम्ही घेणार असाल तर हेडस्टॉकच्या मागचा यूव्हीखालचा फोटो, ब्रिजला पट्टी लावून काढलेला फोटो, नटची रुंदी, आणि आत आरसा धरून ब्रिजखालच्या लाकडी प्लेटचा फोटो, एवढं पैसे देण्याआधी मागाच. टाळाटाळ केली तर सोडून द्या ती गिटार, कितीही आवडली असली तरी.

माझी सध्या तारा सैल करून केसमध्ये ठेवलीये. जुना ग्लू पूर्ण काढल्याशिवाय नवा धरणार नाही असं ते रिपेअरवाले म्हणाले, मग नेक रिसेट, मग नवा ब्रिज. त्या माणसाने आता अजून एक सनबर्स्ट विक्रीला काढलीये. वर्णन जवळपास तेच, टॉपच्या क्रॅकचे फोटो भरपूर, आणि हेडस्टॉकच्या मागचा एकही नाही.