स्वयंचलित दूध संकलन संच: डबा चांगला आहे, पण टेस्टरला विचारलं का?

गावच्या दूध डेअरीवर बसणाऱ्या या संचात चार वस्तू येतात. इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) सांगणारा अल्ट्रासोनिक डबा, नोंदी ठेवणारं यंत्र किंवा संगणक, आणि पावती छापणारा प्रिंटर. सोबत 12 व्होल्टची बॅटरी. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी आतलं काम जवळपास सारखंच, म्हणून हे परीक्षण कुणा एका कंपनीचं नाही. संच डेअरीतल्या माणसांच्या गळी उतरतो की नाही, यावर इथे भर आहे. कापड टाकून कोपऱ्यात ठेवलेला संच बिघडलेलाच असतो असं नाही.

आधी त्याचं श्रेय. फॅट काढायच्या जुन्या गर्बर पद्धतीत ब्युटायरोमीटर नावाच्या रेघांच्या काचनळीत 10 मिली गंधकाम्ल, 10.75 मिली दूध आणि 1 मिली अमाईल अल्कोहोल घालायचं, बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, 65 अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि मग डोळ्यासमोर धरून रेघ वाचायची. सकाळच्या दुधाचा फॅट शेतकऱ्याला संध्याकाळी कळतो. डबा तेच मिनिटाच्या आसपास सांगतो, पावती हातात पडते आणि आम्लानं कुणाची बोटं भाजत नाहीत. या बाबतीत पैकीच्या पैकी गुण.

कुरकुर सुरू होते ती माणसांपासून, आणि तिला आळस म्हणून मोकळं होणं ही संचालक मंडळाची नेहमीची चूक. टेस्टरकडे, म्हणजे फॅट तपासणाऱ्या माणसाकडे, रेघ वाचण्याची नजर होती, गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. आता बटण कुणीही दाबतो. सचिवाचं दुखणं वेगळं आहे, आणि ते उघड कुणी बोलत नाही: नमुन्याचं दूध. 80 खातेदार, दोन वेळा, प्रत्येकी 50 मिली नमुना धरला तर दिवसाला 8 लिटर होतं. गर्बरला त्यातलं पावणेदोन लिटरही लागत नाही. उरलेलं सव्वासहा लिटर विकून मदतनिसाचा पगार, वह्या, झाडू-फिनाईल निघतं. काही ठिकाणी ते नीट किर्दीला पडतं, काही ठिकाणी पडत नाही. डब्याला नमुना घोटभरच लागतो, त्यामुळे ही आवक आटते. यंत्र यायच्या आधी मंडळानं लिटरमागे कमिशनचा ठराव करून हा खड्डा बुजवला नाही, तर वायर सैल होईल, प्रिंटरचा कागद संपेल, बॅटरी चार्जिंगला लावायची राहून जाईल. इंजिनिअर येऊन जाईल आणि दोष काही सापडणार नाही.

याचा एक जुना दाखलाही आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका पायजमा कारखान्यात कोच आणि फ्रेंच या अभ्यासकांनी कामाची पद्धत बदलताना कामगारांचे गट पाडले; निष्कर्ष 1948 साली छापून आले. ज्या गटाला नुसता हुकूम सांगितला, त्यातले 17 टक्के पहिल्या 40 दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल ठरवतानाच सोबत घेतलं, त्यांच्यातलं कुणीच गेलं नाही आणि काम लवकर पूर्वीच्या वर पोचलं. पायजमा आणि दूध यांचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. माणूस तोच आहे.

म्हणून खरेदीच्या आधी विक्रेत्याला डबा डेअरीवर आणायला लावा आणि एकाच कॅनमधलं दूध टेस्टरच्या हातानं गर्बरवर आणि डब्यावर, दोन्हीकडे तपासून घ्या. कोणता घ्यायचा यात त्याचं मत धरा. बसवल्यावर दुधाच्या पैशाचे दोन हप्ते (दहा दिवसांचा एक), म्हणजे 20 दिवस, दोन्ही पद्धती चालवा: दर पाळीला 10 नमुने, आकडे शेजारीशेजारी फळ्यावर, आणि पैसे जुन्या पद्धतीनंच. फरक सतत 0.2 फॅटच्या वर राहिला तर कॅलिब्रेशन करा, म्हणजे डब्याचे आकडे गर्बरशी जुळवून घ्या, आणि टेस्टरच्या सहीशिवाय नाही. इथेच त्याचं नवं काम तयार होतं. साखर, युरिया घालून एसएनएफ वाढवलेलं दूध असा साधा डबा पकडत नाही, उलट चांगलं दाखवतो. भेसळीच्या चाचण्या माणसालाच कराव्या लागतात. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

मुहूर्तही चुकतो. हप्त्याच्या मधोमध कधीच सुरू करू नका. 1, 11 किंवा 21 तारीखच धरा. पोळा आणि दिवाळीच्या आधीचा हप्ता नको, जूनमधला पेरणीचा तर नकोच, कारण तेव्हा बियाण्याला पैसा लागतो आणि दहा रुपयांच्या फरकावरूनही वाद पेटतो. मार्च-एप्रिल बरा. दूध कमी असतं, रांग लहान असते, हात बसायला वेळ मिळतो.

सगळ्यात जास्त भांडणं लिटर-किलोवरून होतात. काटा किलो दाखवतो, गावाला लिटरचं माप माहीत. लिटरभर दूध साधारण 1.03 किलो भरतं, म्हणून 10 किलो दूध म्हणजे 1.03 नं भागून 9.71 लिटर. म्हणजे माप कापलं नसतं, पण पावतीवर आकडा लहान दिसतो आणि ‘काट्यावर दहा होतं, पावतीवर काय झालं भाऊ?’ हा प्रश्न सचिवाच्या टेबलावर येतो. दर किलोवर की लिटरवर, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू शिक्का हवा, आणि 5 किलोचं प्रमाणित वजन शेजारी ठेवा. ज्याला शंका आहे त्यानं स्वतः ठेवून पाहावं.

डब्याचे नखरे मोजकेच आहेत. धारेचं फेसाळ दूध लगेच दिलं तर हवेच्या बुडबुड्यांमुळे आकडा बिनसतो. नमुना दोन-तीनदा या गंजातून त्या गंजात ओतून, फेस बसू द्यावा. आंबूस दूध नळीत फाटतं. पाळी संपल्यावर 50-60 अंशांच्या पाण्यात कंपनीनं दिलेलं डिटर्जंट घालून धुणं रोजचं, आठवड्यातून एकदा आम्लाची धुलाई. हे टाळलं की आत थर साचतो, फॅट हळूहळू चुकतो आणि खापर यंत्रावर फुटतं. गाय आणि म्हैस यांचं कॅलिब्रेशन वेगळं असतं. फॅटवरून जात आपोआप ओळखण्याची सोय बंदच ठेवा: गवळाऊ गाईचं घट्ट दूध म्हशीत जातं, तर पूर्णाथडी म्हशीच्या दुधात गाईचं मिसळलं तर तेही चुकीच्या खान्यात पडतं. कोणतं दूध ते बटण दाबून माणसानंच सांगावं.

प्रशिक्षण ही या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू. बसवायला आलेला मुलगा दोन तासांत सगळं दाखवून शेवटची एसटी पकडतो, आणि माहितीपुस्तिका इंग्रजीत. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: पहिल्या हप्त्याच्या दोन पाळ्यांना माणूस हजर, दुसऱ्या हप्त्यात पुन्हा एक भेट, आणि एका पानावर मराठीत धुलाई व कॅलिब्रेशनच्या पायऱ्या. शिकवायचं ते सचिव, टेस्टर आणि मदतनीस, तिघांनाही. एकालाच शिकवलं तर तो लग्नाला गेला की डेअरी पुन्हा वहीवर येते. पंपाची नळी, फ्यूज आणि प्रिंटरचे रोल जादा घेऊन ठेवा. नागपूर-अमरावतीहून सुटा भाग यायला वेळ लागतो, आणि म्हैस थांबत नाही.

गर्बरचं सेंट्रिफ्यूज भंगारात देऊ नका. आठवड्याला पाच नमुने त्यावर तपासायचे आहेत, आणि किल्ली टेस्टरकडेच राहू द्या.