रेझोनेटर गिटारचा कोन बदलून घेताय? आधी हे वाचा

सोलापुरात रेझोनेटर गिटार वाजवणारे मोजकेच, आणि ती उघडून दुरुस्त करणारे त्याहून कमी. मिरजेला सतार-तानपुऱ्याचे कसलेले कारागीर आहेत, पण हे वाद्यच वेगळं. याच अडचणीचा फायदा घेऊन मला लुबाडलं गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

या गिटारचा आवाज मुख्यतः झाकणाखालच्या ॲल्युमिनियमच्या कोनमधून, म्हणजे शंकूच्या आकाराच्या पातळ पत्र्यातून येतो. स्वस्त गिटारमधला कोन बदलला की वाद्य खुलतं. माझी गिटार स्पायडर ब्रिजची, म्हणजे तारांचा कंप कोळ्याच्या पायांसारख्या धातूच्या चौकटीतून कोनला पोचतो. मांडीवर आडवी घेऊन अभंगाला साथ करतो, आणि आवाज सतत दबका वाटायचा. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने "बाहेरून मागवलेला भारी कोन टाकून देतो" म्हणत साडेसहा हजार घेतले. माप विचारलं तर म्हणाला, "साहेब, सगळे कोन एकाच मापाचे असतात." साफ खोटं! स्पायडरचा कोन साधारण साडेदहा इंची, बिस्किट ब्रिजचा (यात कोनच्या टोकावर लाकडाची छोटी चकती असते) साडेनऊ इंची. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. जुना कोन मागितला, तर "भंगारात गेला."

गिटार घरी आली ती आणखीच मुकी होऊन. तारा उतरवून झाकण काढलं, तर आत माझाच जुना कोन! कडेजवळचा पोचा तोच, खरेदीच्या वेळी काढलेल्या फोटोत आहे तसाच. वरून पॉलिश मारलेलं, आणि खरखर दबावी म्हणून कड गोंदाने चिकटवलेली. पैशांपेक्षा संताप या गोंदाचा आला. कोन आतल्या कठड्यावर नुसता टेकलेला असतो, तारांच्या दाबाने जागेवर राहतो. मोकळा असेल तरच बोलतो. गोंद सोडवताना कड वाकली, त्यामुळे आता खरोखरच नवा घ्यावा लागणार.

तुम्ही गिटार देणार असाल तर आधी झाकण काढून आतले फोटो घ्या. जुना कोन परत मिळेल हे कबूल करून घ्या. नवा कोन बसवण्यापूर्वी हातात घेऊन बघा. लेथवर घडवलेल्या कोनवर बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. बिलावर कंपनी आणि माप लिहून घ्या. मला मिळाली ती कच्ची चिठ्ठी, तिच्यावर नुसतं 'रिपेअर'. तरी ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद आणि दोन्ही वेळचे फोटो हाताशी ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.