पेंटाकॉन सिक्सच्या लेन्स मामिया ६४५ वर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पेंटाकॉन सिक्स या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्स बसवणारी जोडरिंग, म्हणजे अडॅप्टर, आठ महिने मामिया एम६४५ १०००एस या फिल्म कॅमेऱ्यावर आहे. त्यावर आलटून-पालटून कार्ल झाइस येना या जर्मन कंपनीच्या तीन लेन्स लागतात: ५० मिमी फ्लेक्टोगॉन, ८० बायोमेटार आणि १८० सोनार.

पेंटाकॉन सिक्समध्ये लेन्स जिथे बसते त्या माउंटपासून फिल्मपर्यंत ७४.१ मिमी अंतर असतं, मामियात ६३.३. उरलेले १०.८ मिमी हीच अडॅप्टरची जाडी. मामियाची लेन्स पेंटाकॉनवर लावायची म्हटलं तर जागाच उरत नाही. त्या फंदात पडू नये.

सगळी मदार या जाडीवर. ती ०.१ मिमीने जास्त भरली, तर ५० ची लेन्स २५ मीटरच्या पलीकडे फोकस होत नाही. १८० मात्र ३२४ मीटरपर्यंत जाते. म्हणून अडॅप्टर वाइड (५० च्या) लेन्सवरच तपासावा, सोनारवर चूक लपते. जाडी किंचित कमी असलेली चालते: लेन्स इन्फिनिटीच्या (अनंत अंतराच्या) थोडी पुढे जाते आणि अंतराचे आकडे चुकतात, एवढंच. अडॅप्टरमुळे फोटो अस्पष्ट येतात ही समजूत मात्र चुकीची आहे. एसएलआरमध्ये (आरशामार्फत लेन्समधूनच पाहायच्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडरची स्क्रीन आणि फिल्म दोन्हींना त्याच लेन्समधून प्रकाश मिळतो, त्यामुळे स्क्रीनवर धारदार ते फिल्मवरही धारदार. फ्रेमची एकच कड मऊ येत असेल तर माउंट तिरका बसतोय.

ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) लहान करणारी पिन अडॅप्टर दाबत नाही. ॲपर्चरची रिंग ११ वर आणि लेन्सचा खटका ‘ए’वर (ऑटो) राहिला, तर ८० किंवा १८० ची लेन्स २.८ वरच उघडी राहते. चार स्टॉप जादा प्रकाश, म्हणजे सोळापट! फोकस ‘ए’वर करावा, मग खटका ‘एम’वर (मॅन्युअल), मग शटर. हा क्रम हाताला बसेपर्यंत प्रकाशाची चूक न खपवणारी स्लाइड फिल्म भरू नये. प्रकाशाच्या मोजमापाला हातातला मीटर बरा.

या लेन्स ६×६ सेंमीच्या फ्रेमसाठी आहेत आणि मामियाची फ्रेम त्याहून लहान (६×४.५), म्हणजे फ्रेमबाहेरचा प्रकाश अडॅप्टरच्या आतल्या भिंतीवर पडतो. आतला धातू चकचकीत असेल तर काळे रंग धुरकट येतात. काळं मखमली कापड चिकटवलं आणि हूड लावला की फरक लगेच दिसतो.

अडॅप्टरच्या रिंगचे तीन बारीक स्क्रू दोनदा सैल झाले, दोन्ही वेळा सोनारमुळे; ती किलोच्या वर भरते. स्क्रूला सौम्य थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावावा आणि डावा तळवा कायम लेन्सखाली ठेवावा.

८० साठी हा खटाटोप करू नये, मामियाची स्वतःची ८० मिमी २.८ आहेच. सोनारसाठी मात्र नक्की करावा: २.८ वर पार्श्वभूमी इतकी हळुवार विरघळते की हे सगळे कष्ट वसूल होतात.