मोकळं अंगण, जाळी की वेळेची वाटणी? कुत्रा आणि कोंबड्या एकाच घरी पाळताना

"दादा, घरात दीड वर्षाचा लॅब्राडोर आहे. आता दहा गावठी तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या वयातल्या कोंबड्या, आणाव्यात म्हणते. जमेल ना?" गुहागरला घर बांधून राहायला गेलेल्या मावसबहिणीने गेल्या महिन्यात फोनवर विचारलं.

जमतं. पण त्याचे तीन रस्ते आहेत आणि प्रत्येक रस्ता प्रत्येक घराला मानवत नाही. एक, दोघंही एकाच अंगणात मोकळे. दोन, कोंबड्या जाळीच्या आवारात आणि कुत्रा बाहेर. तीन, वेळ वाटून घ्यायची: कोंबड्या चरत असताना कुत्रा घरात, त्या खुराड्यात शिरल्या की कुत्रा मोकळा. मी तिन्ही करून बघितलेत, आणि पहिल्यात चार कोंबड्या गमावल्यात.

पहिला रस्ता डोळ्यांना सगळ्यात सुंदर. फिरत्या धनगरांचं बिऱ्हाड निघालेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल. घोड्यावर सामान लादलेलं, त्या सामानावर कोंबड्या, आणि बाजूने कुत्री शांत चाललेली. ती कुत्री कोंबड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण ती जन्मल्यापासून या बिऱ्हाडातच वाढलेली असतात, हे विसरायचं नाही. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे रोज बघतं, ते त्याला आपल्या घरातलं वाटतं. गावातल्या अंगणात वाढलेला गावठी कुत्रा कोंबडीच्या वाटेला जात नाही तो याचमुळे. शिवाय लहानपणी खुडूक कोंबडीच्या दोन चोची खाल्लेल्या असतात, त्या तो जन्मभर विसरत नाही.

शहरातून आणलेल्या वयात आलेल्या कुत्र्याचं असं नसतं. माझा अकरा महिन्यांचा होता. महिनाभर कोंबड्यांमध्ये गुमान बसायचा, म्हणून विश्वास टाकला. एका दुपारी मी वीसेक मिनिटं आत जेवायला बसलो. आंब्याखाली मातीत लोळणारी एक कोंबडी दचकून फडफडत उठली असणार, आणि तेवढं पुरलं. बाहेर आलो तर चार मेलेल्या, एकीचंही मांस खाल्लेलं नाही. त्याला भूक नव्हती, तो खेळत होता. पाचवी वरून धडधाकट दिसत होती. पंख उचलला तेव्हा खाली सुळ्यांची दोन भोकं दिसली. ती धुऊन, औषध लावून तिला आठ दिवस वेगळी ठेवली म्हणून वाचली. कुत्र्याच्या तोंडची जखम चिघळते आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. म्हणून अशा प्रसंगानंतर प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पिसांखाली बघा.

भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा गप्प झालेल्या कुत्र्याला घाबरा. कान पुढे, तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, नजर एकाच कोंबडीवर खिळलेली आणि हाक मारली तरी मान वळत नाही, असं दिसलं तर मोकळ्या अंगणाचा विचार सोडून द्यावा. धावत्या सशामागे सुटण्यासाठी जोपासलेला कारवानी, शिकारी रक्ताचे बीगल आणि टेरियर, हस्की यांना कोंबड्यांमध्ये मोकळं सोडणं मी सुचवणार नाही. लॅब्राडोर स्वभावाने गरीब खरा, पण मारलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठीच ही जात तयार झाली. त्याने कोंबडी अलगद उचलली तरी भीतीनेच ती मरू शकते. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा किंवा तिनेच त्याला मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने तो तुम्हाला भिऊ लागतो, कोंबडीला सोडायला शिकत नाही.

दुसऱ्या रस्त्याला खर्च आहे, पण रात्री झोप लागते. इथे बहुतेकजण एकच चूक करतात, ती म्हणजे बाजारातली षटकोनी कोंबडीजाळी. ती कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. पेटलेला मोठा कुत्रा ती दातांनी फाडतो. वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर वेल्ड केलेली जाळी घ्या, खालच्या भागात अर्ध्या इंचाची, म्हणजे मुंगूसही शिरणार नाही. जाळीच्या कडेने कुत्रा उकरतो, म्हणून ती फूटभर जमिनीत पुरा. कोकणात त्याहून सोपा उपाय म्हणजे खाली जांभ्याच्या चिऱ्यांचा एक थर आणि त्यावर जाळी. घारीसाठी वरूनही जाळी हवी. दाराला नुसती कडी नको, कुत्रा नाकाने ती उचलायला शिकतो. कडीत खिट्टी अडकवा.

आवारात दर कोंबडीमागे आठ-दहा चौरस फूट जागा द्या. कमी जागेत त्या एकमेकींची पिसं उपटतात, पावसाळ्यात चिखल आणि वास होतो. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. जाळी भक्कम असली तरी कुत्रा दिवसभर भोवती फेऱ्या मारत राहिला की कोंबड्या धास्तावतात आणि अंडी कमी होतात. मी खालचे दोन फूट माडाच्या झावळ्यांनी झाकले. चार दिवसांत कुत्र्याने नाद सोडला.

तिसरा रस्ता जुना आणि जवळजवळ बिनखर्चाचा. कोंबड्या बहुतेक अंडी दुपारच्या आत घालतात. चार वाजता त्यांना सोडलं की दिवेलागणीपर्यंत गांडूळ-गवत खाऊन आपापल्या परत येतात. तेवढे दोन-अडीच तास कुत्रा घरात. घरी कायम एकच जबाबदार माणूस असेल तर हे उत्तम चालतं. पण मुलं, पाहुणे, कामवाल्या मावशी अशी ये-जा असलेल्या घरात कधीतरी दार उघडं राहतंच. आणि वेळ वाटायची म्हणून कुत्र्याला दिवसभर साखळीला ठेवू नका. तसा कुत्रा सुटला की जास्तच उधळतो.

रात्रीची राखण कुत्रा करेल म्हणून त्याला खुराड्याजवळ बांधायचा विचार असेल, तर आधी बिबट्या आठवा. जुन्नर-आंबेगावात किंवा कोकणातल्या जंगलालगतच्या वाडीत बिबट्या कुत्रा उचलतो, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री त्याला आतच घ्या. रानमांजर, मुंगसाची चाहूल तो आतूनही देतो.

कुठलाही रस्ता घेतलात तरी कुत्र्याला कोंबड्यांची विष्ठा खाऊ देऊ नका, त्यातून साल्मोनेला हा जंतू त्याच्या पोटात जातो. खुराड्याजवळ उंदराचं औषध नको. आपोआप मेलेली कोंबडी तर कुत्र्यापुढे टाकूच नका. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर 2024 मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. मांस खाणाऱ्या प्राण्यापर्यंत तो रोग पोचू शकतो. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरा.

बहिणीकडे दोघंही नोकरीला आणि कुत्रा वयात आलेला. म्हणून तिला मी सरळ जाळी सांगितली. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी लांब दोरीवर दहा पावलांवरून कोंबड्या दाखवायच्या, कुत्र्याने त्यांच्यावरून नजर काढून बहिणीकडे बघितलं की त्याला खाऊ द्यायचा. दोरी सोडायची घाई सहा महिने तरी नाही. पिल्लू असतं आणि घरी कोणी असतं, तर मी मोकळं अंगण सांगितलं असतं.

तिने चिरे मागवलेत. तलंगा दिवाळीनंतर येतील. तोवर लॅब्राडोरला रिकाम्या आवाराभोवती रोज एक चक्कर, दोरीवर.