चकल्यांचे फोटो भरपूर, माझा एकही नाही

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे लिहून टाकते. घरून फराळ, केक, ब्लाउज, मेंदी असं काही करणाऱ्या बायकांना याच दिवसांत ‘तुमचं पेज आम्ही सांभाळतो’ म्हणणारी मुलं भेटतात. सगळी वाईट नसतात. मला भेटला तो होता.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. फराळ आणि मसाले करते, १४ वर्षं झाली. आधी सगळं तोंडी चालायचं, एकीने दुसरीला सांगायचं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुतणीने इन्स्टाग्रामवर अकाउंट काढून दिलं आणि त्यासाठी एक नवं जीमेल उघडलं. पुढे ती लग्न होऊन पुण्याला गेली. त्या जीमेलचा पासवर्ड तीही विसरली आणि मीही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुलै २०२४ मध्ये नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. समोरच्या मेणबत्त्यांच्या स्टॉलवर हा मुलगा रील काढत होता. बोलायला गोड. पाचव्या मिनिटाला मी ‘काकू’ झाले, दहाव्या मिनिटाला दोन चकल्या त्याच्या तोंडात होत्या. ‘काकू, ही चकली ठाण्याबाहेर गेलीच पाहिजे.’ कुणाला आवडणार नाही असं ऐकायला? महिना ८,००० रुपये, त्यात १२ पोस्ट आणि ८ रील. जाहिरातीचा खर्च वेगळा. लेखी काही नाही, व्हॉट्सॲपवर एक रंगीबेरंगी पीडीएफ आली तेवढीच. इन्स्टाग्रामचा पासवर्ड मी त्याच दिवशी दिला. फेसबुकचं पेज त्याने नव्याने काढलं, त्याच्याच अकाउंटवरून. ते कुणाच्या नावावर आहे, असं विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

काम मात्र देखणं होतं. सोऱ्यातून कागदावर चकली पडतानाचं त्याने काढलेलं रील मी स्वतः पंधरा वेळा पाहिलं असेल.

ऑगस्टमधली एक दुपार. पाच किलोची भाजणी करायची होती. तांदूळ भाजून झाले होते, हरभऱ्याची डाळ कढईत होती. ती मध्येच सोडता येत नाही. हात जरा थांबला की तळची करपते आणि सगळ्या भाजणीला तो वास लागतो. तेवढ्यात फोन. ‘काकू, सेफ्टीसाठी टू-फॅक्टर लावतोय. मेसेज आला असेल, सहा आकडे सांगा.’ मी उलथनं न सोडता, डब्याला टेकवलेल्या फोनकडे बघून सहा आकडे वाचून दाखवले. बँकेचा ओटीपी कुणी मागितला तर मी त्याची खरडपट्टी काढून फोन ठेवते. पण हा चकलीच्या अकाउंटचा ओटीपी, यात काय जाणार? त्याने टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डाबरोबर फोनवरचा कोडही लागेल अशी सोय, खरंच लावलं. फक्त ते स्वतःच्या फोनवर लावलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी ऐरोलीचा भाचा सोनं द्यायला आला. मी कौतुकाने अकाउंट दाखवलं. दोन महिन्यांत ६०० फॉलोअरचे ११,४०० झाले होते. तो म्हणाला, ‘मावशी, मग ऑर्डरी किती वाढल्या?’ मी गप्प. त्याने फॉलोअरची यादी उघडली. पहिल्याचं नाव परदेशी, फोटो नाही, स्वतःची एकही पोस्ट नाही आणि फॉलो करतोय ७,४०० जणांना. इन्स्टाग्रामवर जास्तीत जास्त ७,५०० जणांना फॉलो करता येतं, म्हणजे गडी काठोकाठ भरलेला. त्याच्या खालचा तसाच. त्याच्या खालचीही तशीच. दहा मिनिटं बोटाने खाली सरकवत गेलो, एक ठाणेकर सापडेना. हे विकत घेतलेले फॉलोअर. ते चकली काय खाणार, त्यांना तोंडच नाही!

मग त्याने मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीची, ॲड लायब्ररी उघडली. कोणत्या पेजची कोणती जाहिरात आत्ता चालू आहे, हे तिथे कुणालाही फुकट बघता येतं. माझ्या पेजचं नाव टाकलं. एकही जाहिरात नाही. आदल्याच आठवड्यात ‘दिवाळी कॅम्पेन’साठी मी १०,००० रुपये जीपे केले होते, त्याआधी ऑगस्टमध्ये ५,०००. तीन महिन्यांचे पगाराचे २४,००० धरले तर एकूण ३९,०००.

दुसऱ्या दिवशी फोन करून जाहिरातीची बिलं मागितली. ‘काकू, विश्वास नाही का?’ हे वाक्य ऐकलं की सरळ उठावं. मी तरी मवाळपणे म्हटलं, ‘काम थांबव आणि पासवर्ड दे.’ ‘देतो ना, रात्री.’ रात्री माझ्या फोनवरचं अकाउंट आपोआप लॉगआउट झालं. मला वाटलं ॲप अपडेट झालं असेल. ऑर्डरींचा ढीग होता, दोन दिवस तसेच गेले.

कोजागिरीच्या दुपारी वसंत विहारची एक मुलगी दारात उभी. भाऊ जर्मनीला, पार्सल त्याच दिवशी जायचं होतं. ‘काकू, दोन किलो चकली, दीड किलो चिवडा. सोमवारीच १,९२० भरलेत.’ मला काहीच माहीत नाही. तिने फोन दाखवला. माझा लोगो, माझ्या चकलीचा फोटो आणि खाली मेसेज: ‘हाय डिअर, ऑर्डर कन्फर्म करायला फुल ॲडव्हान्स लागेल.’ मी जन्मात कुणाला डिअर म्हटलेलं नाही. सोबत एक क्यूआर, त्यावर कुणा परक्या पुरुषाचं नाव. ‘पैसे पाठवताना नाव दिसलं होतं हो,’ ती म्हणाली, ‘मला वाटलं तुमचे मिस्टर असतील.’ मिस्टर मागेच उभे होते, चहाचा कप हातात घेऊन.

वसुबारसेपर्यंत अशा २३ जणी निघाल्या. एकूण ४१,३०० रुपये.

भाच्याने १९३० ला फोन लावायला सांगितलं, तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठवले जायची शक्यता जास्त. पण इथे गोची अशी, की हे ४१,३०० माझ्या खात्यातून गेलेच नव्हते. ज्यांच्या खात्यातून गेले त्यांनी तक्रार करायची. मग मी एकेकीला फोन करून सांगत बसले, की यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेव आणि लगेच फोन लाव. काहींनी लावला, काहींनी मलाच सुनावलं. त्याच सकाळी पैसे भरलेल्या दोघींचे पैसे अडवता आले. सोमवारवालीचे तोवर कुठच्या कुठे पोचले होते.

मी पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार दिली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं आणि ऑनलाइन दुसऱ्याची बतावणी करून फसवणं यांना माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-सी आणि ६६-डी ही कलमं आहेत, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला: त्याचं पूर्ण नाव? मला पहिलं नाव माहीत होतं. पत्ता? ‘कळव्याला राहतो म्हणाला होता.’ नंबर बंद झालेला. आधारची प्रत नाही, करार नाही, पावती नाही. दूधवाला ठेवताना मी याहून जास्त चौकशी केली होती.

अकाउंट परत मिळवायचेही दोन रस्ते होते. कुणी मेल आयडी बदलला की इन्स्टाग्राम जुन्या आयडीवर मेल पाठवतं, त्यातल्या लिंकवरून तो बदल उलटवता येतो. तो मेल गेला असणार पुतणीने काढलेल्या, कुणालाच न उघडणाऱ्या जीमेलवर. दुसरा रस्ता व्हिडिओ सेल्फीचा. मोबाइलसमोर मान डावी-उजवीकडे फिरवायची आणि तो चेहरा अकाउंटवरच्या फोटोंशी ताडून बघतात. माझ्या अकाउंटवर चार वर्षांत चकल्या, करंज्या, अनारसे, गोडा मसाला. माझा स्वतःचा एकही फोटो नाही. ताडणार कशाशी?

त्यात मी आणखी एक मूर्खपणा केला. एका ग्रुपवर ही हकीकत टाकली, तर तासाभरात तिघांनी लिहिलं, ‘या सरांनी माझं अकाउंट दोन तासांत परत दिलं, यांना मेसेज करा.’ सरांनी ३,००० मागितले. दिले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, मी ताकानेही पोळून घेतलं. ते तिघे आणि सर एकच माणूस असावेत, असं भाचा म्हणतो.

ग्राहकांवरून घरात वाद झाला. मिस्टरांचं म्हणणं, आपली चूक नाही, आपण का भरायचं? कागदोपत्री नाहीच चूक. पण खाली नाव माझं होतं. स्क्रीनशॉट घेऊन जी आली तिला फराळ दिला, पैसे फक्त सामानाचे घेतले. त्या दिवाळीत हातात काही उरलं नाही.

आता अकाउंट नवीन आहे. मेल आयडी माझा, नंबर माझा, टू-फॅक्टर माझ्या फोनवर, आणि फोन हाताशी नसला तर लॉगिन करायचे बॅकअप कोड मसाल्यांच्या प्रमाणाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलेत. पोस्ट करायला एक मुलगी आहे, तिला पासवर्ड माहीत नाही. बिझनेस सूट म्हणून मेटाची पेज सांभाळायची सोय आहे, तिच्यातून तिला पोस्ट टाकण्यापुरती आणि उत्तरं देण्यापुरती परवानगी दिलीय. पूर्ण नियंत्रण माझ्याकडे आहे आणि तिचं काम संपलं की मी तिला एका टिचकीत काढू शकते. हे असं करता येतं, हे मला त्या ३९,००० च्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जाहिरातीचे पैसे थेट माझ्या कार्डावरून जातात, १८ टक्के जीएसटी लावलेलं बिल माझ्या मेलवर येतं. दर सोमवारी कुठकुठल्या फोनवर लॉगिन आहे ते बघते. पैसे कुणाच्या नावावर जायला हवेत ते पेजवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

जुनं अकाउंट अजून आहे. नाव बदललंय, वर मनगटी घड्याळं विकतात. खाली बरंच सरकवलं की माझ्या चकल्या लागतात.

नव्या अकाउंटवर २१२ फॉलोअर आहेत, बहुतेक ठाणे-कळव्यातले. पहिली पोस्ट माझ्या फोटोची, भाच्याच्या हट्टापायी. पदर खोचलेला, हातात सोऱ्या, कपाळावर घाम. फोटो काही बरा आलेला नाही, पण काढून टाकायचा नाही असं त्याने बजावलंय.