‘ब्रिटिश’ म्हणून गळ्यात मारलेले जपानी इंजिन

टोयोटा सुप्रा या स्पोर्ट्स गाडीच्या १९९३ साली आलेल्या पिढीचे टर्बो इंजिन जपानपासून अमेरिकेपर्यंत २जेझेड-जीटीई याच नावाने ओळखले जात असले, तरी त्या नावाखालचे भाग सगळीकडे सारखे नव्हते, आणि मला फसवणाऱ्या विक्रेत्याने नेमका याचाच फायदा उचलला.

माझी सुप्रा ब्रिटनमध्येच अधिकृतपणे विकली गेलेली आहे. तिचे इंजिन निकामी झाल्यावर इंग्लंडमधल्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडून मी जुने इंजिन घेतले. ते ‘ब्रिटिश गाडीतून काढलेले’ असल्याचे त्याने पावतीवरही लिहून दिले होते. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे तिथल्या वापरलेल्या सुप्रा ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने आल्या. त्यांची इंजिने त्या मानाने सहज मिळतात, ब्रिटिश गाड्यांची क्वचितच, त्यामुळे दरात बराच फरक पडतो.

जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून देशातल्या गाड्यांची जाहीर ताकद २८० पीएसवर (मेट्रिक अश्वशक्ती) रोखून धरली होती, तर अमेरिकेत हीच गाडी ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. ही तफावत निव्वळ कागदोपत्री नव्हती. जपानी टर्बोमधले, एक्झॉस्टच्या वायूने फिरणारे टर्बाइन चक्र सिरॅमिकचे असते. हलके असल्यामुळे ते चटकन वेग घेते, पण बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, जास्त वाढवला की फुटू शकते. निर्यातीच्या, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांच्या टर्बोत ते पोलादी असते. इंधन फवारणारे जपानी इंजेक्टर मिनिटाला ४४० सीसीचे, निर्यातीचे ५५० सीसीचे, झडपा उघडणारे कॅमशाफ्टही वेगळे.

इंजिन स्टँडवर चढवल्यावर माझ्या मेकॅनिकला टर्बोच्या कवचावर जिथे त्याचा प्रकार सांगणारी ओतीव अक्षरे असतात, तिथे ग्राइंडर फिरवून वर चंदेरी रंग फासलेला दिसला. त्याने इंजेक्टरला मल्टिमीटर लावला. निर्यातीच्या इंजेक्टरचा रोध सुमारे २ ओहम भरतो. इथे आकडा १४ च्या आसपास स्थिरावला. एक्झॉस्टकडची बाजू उघडल्यावर आत काळपट सिरॅमिकचे चक्र होते.

‘दोन्ही २जेझेडच की, फरक काय पडतो?’ एवढे बोलून व्यापाऱ्याने हात झटकले. वास्तविक ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. सुदैवाने अनामत रक्कम क्रेडिट कार्डाने भरली होती, आणि १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार अशा व्यवहारात कार्ड कंपनी केवळ अनामतीपुरती नव्हे, पूर्ण किमतीला बांधील असते. पैसे परत आले ते त्याच वाटेने.

असे इंजिन घेताना, ते ज्या गाडीतून निघाले तिचा चॅसी क्रमांक आधी मागावा. अधिकृत ब्रिटिश गाडीचा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो, जपानी गाडीचा ‘जेझेडए८०’पासून सुरू होणारा आणि आखूड. टर्बोवरची अक्षरे आणि इंजेक्टरचे मोजमाप यांचे फोटोही पैसे देण्यापूर्वीच घ्यावेत, आणि ‘ती गाडी केव्हाच भंगारात गेली’ असे उत्तर आले तर ते इंजिन जपानी समजूनच भाव करावा.