ॲक्सोलॉटलने खाणं सोडलंय: पंखा, बर्फाच्या बाटल्या, एसी की चिलर?

मार्चअखेर ऊन तापलं की पुण्यातल्या घरांमधल्या ॲक्सोलॉटलचं खाण्यावरून मन उडतं. पुढ्यात धरलेल्या गांडुळापासून तो तोंड फिरवतो, नाहीतर तोंडात घेऊन थुंकतो. आयुष्यभर पाण्यातच राहणारा हा उभयचर प्राणी मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं, २० पर्यंत निभावतं, २४ च्या वर हाल सुरू होतात. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये टँकचं पाणी सहज २८-३० वर जातं.

थंडाव्यावर पैसे घालण्याआधी दहा मिनिटं पाणी तपासायच्या टेस्ट किटवर घालवा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा खाली हवं. अमोनिया दिसला तर अँटीक्लोरीन घातलेल्या, टँकइतक्याच तापमानाच्या पाण्याने निम्मं पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनिया विषारी होतो. त्यामुळे हिवाळ्यात खपून गेलेली हयगय उन्हाळ्यात अंगाशी येते.

आकडे ठीक, पण थर्मामीटर २४ च्या वर, अशी स्थिती असेल तर पुढचे चार पर्याय आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा. काचेचं झाकण काढून जाळी बसवा. उघड्या टँकमधून ॲक्सोलॉटल उडी मारतो. बाष्पीभवनाने पाणी खोलीपेक्षा ३-४ अंशांनी उतरतं, पण हवा कोरडी असेल तरच. म्हणून एप्रिलच्या दुपारी हाच पंखा चोख काम करतो आणि जुलैत, भिंतींना ओल आलेली असताना, नुसता फिरत राहतो. पाणी रोज घटतं आणि क्षार मागे उरतात, तेव्हा नुसती भर घालून भागत नाही, ठरलेलं पाणीबदल चालूच ठेवावं लागतं. खोली ३३ वर असेल तर पंखा तुम्हाला २९-३० वर आणून सोडेल. तेवढ्याने याची भूक परत येत नाही.

गोठवलेल्या बाटल्यांवर लोकांचा फार भरवसा असतो, म्हणून हिशेब मांडू. एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून १८ अंशांवर येईपर्यंत ८० लिटर पाणी जेमतेम सव्वा अंशाने गार करते. २८ वरून २० वर यायला सहा-सात बाटल्या लागतील, शिवाय खोलीची उष्णता तोवर परत आत शिरतच असते. सकाळी ऑफिसला जाताना दोन बाटल्या टाकल्या की दुपारी पाणी खाली, संध्याकाळी पुन्हा वर. या चढ-उतारामुळे ॲक्सोलॉटल आणखी बिथरतो. वीज गेली, चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) बिघडला, अशा एखाद-दोन दिवसांपुरत्या बाटल्या ठीक. तेव्हाही बाटलीचं झाकण घट्ट हवं. नळाच्या पाण्याचा सुटा बर्फ टाकला तर क्लोरीन थेट टँकमध्ये जातं.

एसी २४ वर लावला तर पाणीही २४ च्या आसपासच राहणार. पण एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे सोबत पंखा लावला की पाणी २१ च्या घरात येऊ शकतं, पावसाळ्यातसुद्धा. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथेच टँक असेल तर ही जोडी परवडते. एका टँकसाठी दिवसभर अख्खी खोली गार करणं मात्र कुणाच्याही वीजबिलाला झेपणारं नाही.

पुण्यात हा प्राणी बारा महिने ठेवायचा असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: चिलर घ्या. निवडताना फक्त लिटर पाहू नका, उतार पाहा. खोली ३४ आणि पाणी १८ हवं, म्हणजे १६ अंशांचा फरक. डब्यावर लिहिलेली क्षमता बहुधा यापेक्षा कमी फरकासाठी असते. म्हणून एक माप मोठा घ्या. चिलर टँकची उष्णता खोलीत ओततो, त्यामुळे स्टँडच्या बंद कपाटात ठेवला की स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो आणि अखंड चालू राहतो. दुसरी चूक पंपाची. चिलरला लागणारा जोराचा प्रवाह सरळ टँकमध्ये सोडला तर पाणी १७ अंशांवर असूनही ॲक्सोलॉटल जेवत नाही. कल्ले पुढे वळलेले आणि शेपटीचं टोक मुडपलेलं दिसलं तर प्रवाहाचा संशय घ्या, परतीची नळी काचेकडे वळवा किंवा भोकांची आडवी नळी लावा. पहिल्यांदा चालू करताना २८ वरून एकदम १८ वर नेऊ नका; दिवसाला दोन अंश पुरेत.

फ्रिजमध्ये ५ ते ८ अंशांवर डब्यात ठेवणं हा थंडाव्याचा पर्याय नव्हे. बद्धकोष्ठासारख्या आजारात तो उपाय वापरतात, तोही उभयचर पाहणाऱ्या पशुवैद्याला विचारून. टँकमध्ये त्याच्या तोंडात मावणारी खडी असेल, पोट फुगलं असेल आणि शी होत नसेल, तर खडी गिळल्याची शक्यता धरा आणि थेट डॉक्टर गाठा.

पाणी १८ वर स्थिरावलं की चार-आठ दिवसांत भूक येऊ लागते. धडधाकट मोठा ॲक्सोलॉटल दोन आठवडे उपाशी राहू शकतो, पिल्लू नाही. तरीही थुंकत असेल तर गांडूळ तपासा. घरच्या गांडूळखताच्या टबात बहुतेक वेळा आयसेनिया फेटिडा ही जात असते, आणि ती अंगातून कडवट पिवळा द्रव सोडते. कढत पाण्यात काही सेकंद बुडवून, धुऊन, तुकडे करून दिली तर काही ॲक्सोलॉटल खातात. युड्रिलस जातीची जाड आफ्रिकन गांडुळं मिळाली तर हा खटाटोप वाचतो. दिलेलं अर्ध्या तासात खाल्लं नाही तर चिमट्याने काढून टाका.